चावी, खुर्ची आणि बदली: खाडीपलीकडच्या एका कोपेलाचं प्रकरण

खाडीच्या अलीकडे मुख्य चर्च, पलीकडे कोपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर. उन्हाळ्यात होडीनं पटकन जाता येतं. पावसात होडी बंद झाली की रस्त्यानं मोठा वळसा. पलीकडच्या वाडीत ख्रिस्ती घरं चाळिसाच्या आत. बहुतेक घरांतले पुरुष तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, नाहीतर गल्फात, नाहीतर मुंबईत. मे महिन्यात आणि नाताळात वाडी भरते. एरवी तिथं बायका, म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं.

हे प्रकरण त्या कोपेलाचं आहे. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मुद्दाम वगळले आहेत. त्या काळात मी मुख्य चर्चच्या पालकीय परिषदेची (फादरांना सल्ला देणाऱ्या समितीची) चिटणीस होते, त्यामुळे इतिवृत्तं माझ्याच हातची. इतिवृत्तात जे आलं नाही तेही बरंचसं माझ्यासमोर घडलं, आणि या प्रकरणात तेच जास्त बोलकं आहे.

कोपेलात महिन्यातून दोन रविवारी मिस्सा (धर्मगुरूनंच करायची मुख्य उपासना) होते. उरलेल्या रविवारी मास्तर प्रार्थना चालवत. मास्तर जुन्या वळणाचे. फिडल वाजवायचे, लॅटिन लादाईन (आळवणीची प्रार्थना) तोंडपाठ, फेस्ताआधीची, म्हणजे सणाआधीची, नऊ दिवसांची नोव्हेना त्यांचीच, कोणी वारलं तर घरापासून कबरस्तानापर्यंतच्या सगळ्या प्रार्थना त्यांच्याच. २०२२ च्या उन्हाळ्यात ते गेले. त्याआधीची काही वर्षं मात्र ते नावापुरतेच उभे राहत. वाचनं, मुलांचं धर्मशिक्षण, ऑक्टोबरातलं खुरसाकडचं (क्रुसापाशी म्हणायचं) तेर्स, म्हणजे जपमाळ, आजाऱ्यांच्या घरी जाणं, हे सगळं वाडीतली अंगणवाडी सेविका करत होती. तिला सगळे टीचर म्हणतात, मीही तेच म्हणते. नवरा बोटीवर असतानाच गेला, मुलगा पुण्याला. अंगणवाडीत रजिस्टरं ठेवायची सवय, म्हणून कोपेलाचंही एक रजिस्टर त्यांनी कोणी न सांगता ठेवलं होतं. कोण आजारी आहे, त्यांच्याकडे शेवटचं कोण जाऊन आलं, कोणत्या मुलाचं पहिलं ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायचं राहिलं, अशा नोंदी. मास्तरांनी उभ्या आयुष्यात असलं काही लिहून ठेवलं नव्हतं.

मास्तर गेल्यावर तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू त्यांना म्हणाले, "टीचर, पावसाळ्याचं आता तुम्हीच बघा." एवढीच नेमणूक. ख्रिस्तशरीर वाटायची परवानगीही त्याच वाक्यात आली, असं सगळ्यांनी धरलं. फादरांनीही तसंच धरलं असावं.

खुर्ची

पहिल्याच रविवारी टीचर वेदीजवळच्या मोठ्या खुर्चीत बसल्या. गुडघे दुखतात, दोन वाचनांच्या मध्ये बसावं लागतं, आणि मास्तर तिथंच बसायचे. दुपारपर्यंत वाडीत दुसरा विषय उरला नाही. कोपेल समितीचे अध्यक्ष बोटीवरून निवृत्त होऊन आलेले, शिस्तीचे गृहस्थ. ते होडी करून अलीकडे आले आणि फादरांना म्हणाले, "ती खुर्ची तुमची. टीचरान थंय बसणा बरोबर नाय."

आता गंमत अशी की ते नियमानं बरोबर होते. धर्मगुरू नसताना रविवारची उपासना कशी करावी, याची मार्गदर्शिका व्हॅटिकननं १९८८ मध्ये काढलेली आहे. उपासना चालवणारा प्रापंचिक, म्हणजे दीक्षा न घेतलेला, माणूस सगळ्यांतलाच एक म्हणून उभा राहतो, असं ती सांगते. त्यानं धर्मगुरूची खुर्ची वापरायची नाही, आपली खुर्ची वेदीच्या आवाराबाहेर ठेवायची. "प्रभू तुमच्याबरोबर असो" हे अभिवादन म्हणायचं नाही, कारण ते धर्मगुरूचं आणि डिकनचं (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या दीक्षिताचं). मिस्साच चालू आहे असा भास होईल असे विधी टाळायचे. वेदी वापरायची ती फक्त पवित्र भाकर वाटण्याआधी ठेवायला.

फक्त हे सगळं मास्तरांनाही लागू होतं. मास्तर वर्षानुवर्षं त्या खुर्चीत बसले, दोन्ही हात पसरून अभिवादन म्हणाले, शेवटी क्रुसाची खूण करून लोकांना निरोपही दिला. तेव्हा कोणी मार्गदर्शिका उघडली नव्हती. अध्यक्षांना मी हे विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे गोंधळले. "मास्तरांचा कधी मनातच इला नाय," म्हणाले. मला त्यांच्यात कपट दिसलं नाही. मास्तर खुर्चीत बसले की ती दिसतच नव्हती, एवढंच. टीचर बसल्या आणि सगळ्यांना दिसली.

टीचरांनी वाद घातला नाही. अंगणवाडीतलं एक स्टूल आणून वेदीच्या पायरीखाली, बाजूला ठेवलं. मार्गदर्शिकेत नेमकं तेच सांगितलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

हात

खुर्चीचा विषय तीन आठवड्यांत विझला. हाताचा विझला नाही, आणि तो पुरुषांनी काढलेला नव्हता. वाडीतल्या तीन म्हाताऱ्या टीचरांच्या हातून ख्रिस्तशरीर घेईनात. रांगेत उभ्या राहायच्या, पुढं आल्या की छातीवर हात ठेवून बाजूला व्हायच्या. फादर येतील तेव्हा घेऊ, असं त्यांचं म्हणणं. पावसात फादर एकदा चुकले की महिना महिना जायचा.

मी त्यांच्यातल्या एकीकडे मुद्दाम गेले. मुख्य चर्चमध्ये नाताळात गर्दी असते तेव्हा कॉन्व्हेंटच्या सिस्टर ख्रिस्तशरीर वाटतात, आणि ही बाई त्यांच्या हातून घेते हे मला ठाऊक होतं. ते विचारल्यावर तिनं सांगितलं, "सिस्टरांची गोष्ट येगळी गो बाय. त्यांनी आपल्याक देवाक वाहून घेतल्यानी. ही आमचीच. काल अंगणवाडीत खिचडी वाढी होती, आज देवाचा शरीर हातात घेता?"

इथं जरा थांबायला हवं, कारण हा गैरसमज किनारपट्टीभर आहे. चर्चच्या कायद्यात माणसं दोन प्रकारची: दीक्षित, म्हणजे डिकन, धर्मगुरू, बिशप; आणि बाकीचे सगळे प्रापंचिक. सिस्टरांनी व्रतं घेतलेली असतात, पण त्यांना दीक्षा नसते. ख्रिस्तशरीर वाटण्याच्या बाबतीत कॉन्व्हेंटमधली सिस्टर आणि अंगणवाडीतली टीचर यांचा अधिकार एकच, आणि दोघींनाही तो नेमणुकीनंच मिळतो. सहावे पोप पॉल यांनी १९७३ मध्ये ही वाट मोकळी केली आणि १९८३ च्या कायदासंहितेत ती कायम झाली. गरज असेल तिथं, बिशपांनी नेमलेला प्रापंचिक, स्त्री असो वा पुरुष.

म्हातारीला मी हे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मला कोकमाचं सरबत दिलं, आणि काही बदललं नाही. तिच्या लेखी पावित्र्य अंतरावर होतं. सिस्टर भिंतीपलीकडे राहतात, टीचर शेजारी. शिवाय टीचर विधवा. हे कोणी तोंडानं म्हटलं नाही. पण लग्नाच्या आदल्या दिवशी रोसाच्या (नारळाचा रस लावण्याच्या विधीच्या) वेळी विधवेनं नवरीला हात लावू नये असं मानणाऱ्या बायका अजून आमच्यात आहेत, बाप्तिस्मा होऊन चार शतकं झाली तरी. पुरुषांच्या आक्षेपाला निदान कागदी उत्तर देता येत होतं. याला कोणता कागद दाखवायचा?

गमतीचा भाग म्हणजे त्याच जुलैत वाडीत एक म्हातारा वारला, रस्त्यावर झाड पडलेलं, फादर पोचू शकत नव्हते. घरी, वाटेत आणि कबरीजवळ टीचरांनीच सगळं म्हटलं. धर्मगुरू नसेल तर या प्रार्थना प्रापंचिक माणूस म्हणू शकतो. त्या दिवशी तिन्ही म्हाताऱ्या मागून चालत होत्या आणि उत्तरं देत होत्या. कोणाची काही तक्रार नाही.

मार्था

प्रवचन फक्त दीक्षित माणसानं द्यायचं. प्रापंचिक माणूस उपासना चालवत असेल तर फादरांनी प्रवचन लिहून द्यावं आणि त्यानं ते वाचावं, असं मार्गदर्शिका सुचवते. आमचे फादर शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर पाठवायचे. जुलैत पलीकडे रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. १७ जुलैच्या रविवारी काहीच पोचलं नाही आणि शुभवर्तमान होतं मार्था आणि मरियेचं: मार्था घरकामात गुंतलेली, मरिया येशूच्या पायाशी बसून ऐकणारी. टीचरांनी दोन-चार वाक्यं स्वतःच सांगितली. शेवटचं असं: "एका आयतारी पुरुषांनी पेज शिजवल्यानी, तर मार्थाक पण बसूक गावतला."

बायका हसल्या. दोन पुरुष उठून गेले. त्यातल्या एकानं परिषदेला पत्र लिहिलं, त्यात बायबलातलं पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय १४: स्त्रियांनी सभेत गप्प राहावं. मी इतिवृत्तात पत्राची नोंद घेतली. खाली ११ व्या अध्यायाची आठवणही टाकली, जिथं पौल प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांबद्दल, त्या हे करतात असं धरूनच, बोलतो. रोमकरांना पत्राच्या १६ व्या अध्यायात किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी आहे, तिचाही उल्लेख केला. चिटणिसानं इतिवृत्तात असं करू नये, हे मान्य. फादरांनी दोन्ही नोंदी राहू दिल्या आणि टीचरांना एवढंच सांगितलं की मजकूर आला नाही तर वाचनानंतर शांत बसा. तेही नियमाला धरूनच होतं.

चावी

हे सगळं चालू असताना टीचरांनी फादरांकडे एकच मागणी केली. "माका खुर्ची नको फादर. माका चावी होयी."

कोपेलाची चावी अध्यक्षांकडे. अध्यक्ष मुलाकडे मुंबईला गेले की चावी त्यांच्या भावाकडे, भाऊ शेतात असला की भावजयीकडे. ऑगस्टात सॅक्रिस्टीत (कोपेलाच्या सामानाच्या खोलीत) पाणी शिरलं, कुलूप उघडायला कोणी नव्हतं, आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीची कडा भिजली. दानपेटीचंही तेच. पैसे मोजायला दोन पुरुष, वही एकाकडे, आणि मेणबत्त्या, वेदीवरची फुलं, मुलांच्या वह्या यांचा खर्च टीचरांच्या पदरचा. त्यांच्या रजिस्टरात तो लिहिलेला होता. परत मागितलेला कुठे दिसला नाही.

प्रत्येक धर्मग्रामात (मुख्य चर्चच्या हद्दीत) आर्थिक समिती असलीच पाहिजे, असं चर्चचा कायदा म्हणतो. पालकीय परिषद बिशपांनी ठरवली तर, आणि तिचं काम सल्ल्यापुरतं. कोपेलाच्या पातळीवर असं काही बंधन नाही, तिथं रीत चालते. रीत अशी की फेस्ताचा प्रेझेंत, म्हणजे यजमान, पुरुष, मिरवणुकीत लाल झगे पुरुषांचे, पेटीची चावी पुरुषांकडे. आणि फेस्ताच्या आदल्या रात्री कोपेल धुऊन काढणाऱ्या बायका. फादरांनी "बघू" म्हटलं. मग मे महिना आला आणि त्यांची बदली झाली.

बदली

नवे फादर तरुण, अभ्यासू. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं, टीचरांच्या नेमणुकीचा कागद कुठे आहे? कागद नव्हता. एखाद्या वेळच्या गरजेला धर्मगुरू कोणाला तरी ख्रिस्तशरीर वाटायला सांगू शकतो, पण कायमच्या कामाला बिशपांची नेमणूक लागते, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "चौकशी होईपर्यंत" त्यांनी टीचरांना फक्त वाचन करायला सांगितलं आणि प्रार्थना अध्यक्षांनी चालवावी असं ठरवलं. अध्यक्षांकडेही कागद नव्हता. तो कोणी विचारला नाही.

मी या प्रकरणाकडे वळून पाहते तेव्हा मला सगळा पेच इथं दिसतो. चर्चमधल्या बाईचा प्रश्न निघाला की चर्चा लगेच दीक्षेकडे जाते: बाईला धर्मगुरू होता येईल का? कॅथलिक चर्चचं उत्तर दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९४ मध्ये दिलं, आणि ते नाही असं आहे. खाडीपलीकडे कोणाला दीक्षा नको होती. तिथलं सगळं काम कायद्यानं आधीच खुलं होतं, फक्त ते एका फादरांच्या तोंडी शब्दावर उभं होतं. फादर गेले की शब्दही सामानाबरोबर गेला. पुरुषांचं असं होत नाही, कारण त्यांचं काम रितीवर उभं असतं आणि रितीची बदली होत नाही.

अध्यक्षांनी सात-आठ रविवार चालवलं. चष्मा विसरायचे, पानं चुकायची. एकदा त्यांनी पुनरुत्थानकाळाची (ईस्टरनंतरच्या आठवड्यांची) प्रार्थना सप्टेंबरात म्हटली. पोरं हसायला लागली. शेवटी ते स्वतःच फादरांकडे आले. "वाचूक जमता, पण हा माजा काम न्हय. टीचरान करूचा." खुर्चीवरून भांडणारा हाच माणूस. पुढं बिशपांना गेलेल्या अर्जावर पहिली सही त्यांची होती.

टिपण

परिषदेनं मला टिपण करायला सांगितलं. त्यात मी फार काही घातलं नाही. १९७३ आणि १९८८ चे आधार वर आलेच आहेत. त्यांच्या जोडीला २०१० चं भारतीय कॅथलिक बिशप परिषदेचं स्त्री-पुरुष समानतेबद्दलचं धोरण. मग २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कायद्याच्या कलम २३० मध्ये केलेला बदल: वाचक आणि वेदीसेवक या स्थायी सेवा तोवर फक्त पुरुषांसाठी होत्या, त्या स्त्रियांना खुल्या झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाची स्थायी सेवा सुरू झाली, पहिल्यापासूनच स्त्री-पुरुष दोघांसाठी. एक ओळ मग्दालिया मरियेबद्दल होती. २०१६ मध्ये रोमनं तिचा २२ जुलैचा स्मरणदिन प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीला नेला, कारण पुनरुत्थानाची बातमी प्रेषितांना तिनंच दिली. आमच्या पलीकडे २२ जुलैला होडी बंद असते. तो सण साजरा व्हायचाच तर बाईलाच तो चालवावा लागणार, असं मी लिहिलं होतं. फादरांनी ते वाक्य काढायला सांगितलं नाही.

टिपण लिहिताना वेंगुर्ल्याकडच्या एका प्रोटेस्टंट मैत्रिणीशी बोलणं झालं. त्या किनाऱ्यावर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम होतं, सेंट ल्यूक्स हॉस्पिटल त्यांचंच. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात स्त्रीला दीक्षा मिळू शकते. चर्च ऑफ साऊथ इंडियात तर २०१३ पासून स्त्री बिशपही झाल्या. मी म्हटलं, तुमचं बरं आहे. ती हसली. "मंडळीत बाई पाळक आली की पहिला प्रश्न काय असतो माहीत आहे? मग पाळकीणबाईचं काम कोण करणार? महिला मंडळ, संडे स्कूल, पाहुण्यांचा चहा. बाईंचे यजमान का?" दीक्षा मिळाल्यावरही चहा कोणी करायचा हे उरतंच, असं तिचं म्हणणं.

निकाल, म्हणावा तर

२०२३ च्या आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, बिशप हाऊसमधून पत्र आलं. टीचरांच्या नावानं, दोन वर्षांसाठी, त्या कोपेलापुरतं: धर्मगुरू नसताना रविवारची उपासना चालवणं आणि ख्रिस्तशरीर वाटणं. नवे फादर, ज्यांनी काम थांबवलं होतं, त्यांनी ते मिस्सेत वाचून दाखवलं आणि टीचरांना वेदीपुढे उभं करून प्रार्थना केली. जुने फादर मनानं उदार होते, पण त्यांच्या उदारपणानं एक पावसाळा निभावला. या माणसाच्या काटेकोरपणानं दोन वर्षं निभावली. टीचरांचा ओढा अजून जुन्या फादरांकडे आहे. माझा तेवढा नाही.

पावसाळ्याची प्रवचनं आता मे अखेरीस छापून फाईलमध्ये येतात. चावीच्या दोन प्रती झाल्या, एक टीचरांकडे. दानपेटी मोजताना तिसरं माणूस बाई असतं. फुलं-मेणबत्त्यांचा खर्च कोपेलाच्या वहीत येतो, मागचा मात्र कोणी भरून दिला नाही. स्टूल पायरीखालीच आहे.

तीन म्हाताऱ्यांपैकी एक वारली. दुसरी अंथरुणाला खिळल्यावर टीचरांच्या हातून ख्रिस्तशरीर घेऊ लागली. चालता येत नाही म्हणून की मन वळलं म्हणून, ते तिनं सांगितलं नाही आणि टीचरांनी विचारलं नाही. तिसरी अजून रांगेत छातीवर हात ठेवून बाजूला होते. टीचर तिच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. नियमानं ते बसतं की नाही यावर फादर आणि मी एकदा बराच वेळ बोललो आणि विषय तसाच सोडला.

२०२४ च्या ऑक्टोबरात रोमच्या सिनडनं, म्हणजे चर्चच्या जागतिक सभेनं, शेवटचा मसुदा मंजूर केला. स्त्रियांना नेतृत्वाच्या ज्या भूमिका कायद्यानं आजच खुल्या आहेत त्या पूर्णपणे द्याव्यात, आणि स्त्रियांना डिकन करण्याचा प्रश्न खुला आहे, असं त्यात म्हटलं आहे. टीचरांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, पत्राचं नूतनीकरण कोण करतं?

ते २०२५ च्या आगमनकाळात करायचं होतं. अर्ज गेला आहे. परिषदेत यावेळी एक सूचना अशी आली की टीचरांबरोबर एका तरुण मुलाचंही नाव घालावं, "एक पुरुष असलेलो बरो". टीचरांना ती मान्य आहे, एका अटीवर: मुलानं आधी वर्षभर आजाऱ्यांचं रजिस्टर भरावं. मुलाचं उत्तर अजून आलेलं नाही. मे महिन्यात बदल्या निघतात, म्हणून पत्रावर त्याआधी सही व्हावी यासाठी आताच्या चिटणिसांनी हा विषय पुढच्या सभेत पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे.